एकशे सोळा कड्यांची चेन

गोखिवऱ्याच्या आमच्या सोसायटीत माझ्या चेनविषयी सध्या तीन हकिकती फिरत आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिलीत ती चेन तीन तोळ्यांची आहे. दुसरीत ती मी स्वतःच घरात वितळवली आहे. तिसरी माझ्यासमोर कोणी सांगत नाही, त्यामुळे ती सगळ्यांत वाईट असणार. मी, रामनाथ किणी, बत्तीस वर्षं जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली आहेत. माणूस कधी जन्मला आणि कधी गेला याबाबत मी कोणाच्या ऐकीव माहितीवर कधी विसंबलो नाही. तेव्हा स्वतःच्या चेनची तरी नोंद नीट व्हावी, एवढीच इच्छा आहे.

चेन सायकलची होती. हे वाक्य मी त्या शनिवारी सकाळी सहा वाजता बोललो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सकाळी सहा वाजता माणूस पूर्ण वाक्यं बोलत नाही.

रविवारी माझ्या मुलीचा, मनालीचा, सत्ताविसावा वाढदिवस होता. ती जव्हारच्या पुढे एका आश्रमशाळेत गणित शिकवते. वसईतली बँकेची नोकरी सोडून ती तिकडे निघाली तेव्हा मी तिला एसटी स्टँडवर, चार लोकांदेखत, "आठ दिवसांत परत येशील" असं म्हणालो होतो. त्याला अकरा महिने झाले. ती गणपतीला आली नाही, दिवाळीला आली नाही. आईशी रोज फोनवर बोलते. "जेवलीस का, विचार," हा माझा निरोप हेमांगी तिला सांगते. "जेवले म्हणावं," हे उत्तर हेमांगी मला सांगते. घरात कोणाचं भांडण नव्हतं, फक्त टपाल होतं.

मला एक वाक्य मागे घ्यायचं होतं. पण त्यासाठी एसटीने जव्हारला जाऊन तिच्या दारात उभं राहणं म्हणजे सरळसरळ शरण जाणं झालं. सायकलवरून गेलं तर तसं होत नाही. सायकलवाला माणूस व्यायामासाठी कुठेही गेलेला असू शकतो. "इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं," हे वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. गोखिवऱ्याहून निघालेला छप्पन्न वर्षांचा माणूस जव्हारवरून नेमका कुठे चाललेला असतो, याचा विचार मी केला नव्हता. बेत कोणालाच सांगितला नव्हता. हेमांगीलासुद्धा "तब्येतीसाठी" एवढंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "अहो, तब्येतीसाठी आधी रात्रीचं दूध-साखर बंद करा."

जव्हार शंभर किलोमीटर, त्यात शेवटी घाट. सायकल बरी होती, पाय बरे होते, पण चेन रडत होती. सरावाला निर्मळपर्यंत गेलो, तर केळीची पाटी घेऊन बसलेली एक बाई लांबूनच ओरडली, "ओ भाऊ, तेल पाजा तिला! रडते कवाची!" आजूबाजूच्या फुलवाल्या हसल्या. मी गंभीरपणे मान डोलावून पुढे गेलो. पुढे गेलो तरी आवाज मागेच राहिला असता तर बरं झालं असतं, पण तो माझ्याबरोबरच होता.

तेल ही अशी गोष्ट आहे की ती ज्याच्या घरात आहे त्याला तिच्याविषयी मत असतं. हेमांगीने खोबरेल दिलं. नोव्हेंबरात आमच्याकडे पहाटे जेवढी थंडी पडते तेवढी खोबरेल गोठायला पुरते. सकाळी पाहतो तर चेनवर पांढरा थर, जणू काही सायकलीने चंपी करून घेतली होती. समोरच्या ब्लॉकमधल्या रुडॉल्फने तो पाहिला. रुडॉल्फने बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत, आणि जमिनीवरच्या कुठल्याही यंत्राविषयी तो कळवळ्याने बोलतो.

"किणी, हे काय केलंस बाबा? मशीनला केसाचं तेल? मशीनला ग्रीस पाहिजे, ग्रीस! मी जहाजावर एवढ्या एवढ्या चेना बघितल्यात," असं म्हणून त्याने दोन्ही हात पसरले आणि मग ते पुरले नाहीत म्हणून मागे भिंतीकडे बोट दाखवलं.

त्याने स्वतःच्या डब्यातलं ग्रीस दिलं. दोन दिवस चेन अगदी गप्प होती. तिसऱ्या दिवशी आमच्या रस्त्यावरून टँकर जितकी धूळ उडवतात तितकी सगळी तिने गोळा केली होती. माझ्या उजव्या पोटरीवर सायकलच्या चक्राच्या दातांचा एक काळा ठसा उमटला. तो आंघोळीने गेला नाही, रॉकेलने गेला असता, पण रॉकेल हल्ली मिळत नाही.

तिसरं मत सेक्रेटरी कल्पेशचं. कल्पेश पस्तिशीचा आहे आणि कुठल्याही विषयावर त्याने कालच एक व्हिडिओ पाहिलेला असतो. "काका, तेल-ग्रीस सगळं आउटडेटेड. लाँग राइडवाले आता वॅक्स करतात. चेन एकदम क्लीन करायची, मेण वितळवायचं, त्यात चेन उकळायची, सुकवायची. धूळ चिकटतच नाही. तीनशे किलोमीटर टेन्शन नाय."

तीनशे हा आकडा मला आवडला. शंभर जायला, शंभर यायला, आणि तिथे काही बोलणं झालंच नाही तर उरलेले शंभर इकडेतिकडे भटकायला.

आधी ग्रीस काढायला हवं होतं. मी बाटली घेऊन पेट्रोल पंपावर गेलो. पंपावरच्या माणसाने बोर्ड दाखवला: बाटलीत पेट्रोल मिळणार नाही. "गाडी घेऊन या," तो म्हणाला. मी घरी येऊन सायकल घेऊन गेलो. त्याने सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत आदराने विचारलं, "टाकी कुठे आहे, काका?" मागे रांग होती. रांगेतल्या लोकांनीही टाकी शोधायला सुरुवात केली. शेवटी रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं आणि चेन इतकी घासली की ती दुकानातल्यासारखी चकाकायला लागली. घासताना मी तिच्या कड्या मोजल्या. एकशे सोळा. सवय, दुसरं काही नाही.

मग मेण. केमिस्टकडे नव्हतं, किराणावाल्याकडे पूजेच्या तीन मेणबत्त्या होत्या. रुडॉल्फ म्हणाला, "पाचूबंदरला माझ्या बहिणीकडे जा. मार्थाकडे. दोन नोव्हेंबर झालाय ना आत्ताच." हा मेलेल्यांचा दिवस. संध्याकाळी सगळी माणसं दफनभूमीत जातात, प्रत्येक क्रुसापाशी मेणबत्त्या लावतात. दुसऱ्या दिवशी उरलेले तुकडे कोणीतरी गोळा करतं. पाचूबंदरला ते काम मार्था करते. सकाळी मासळी, दुपारी मेण.

मार्थाने पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात पांढरे, पिवळे, अर्धे, पाव तुकडे होते.

"कोनासाठी नेतोस?" तिने विचारलं.

"माझ्यासाठीच."

"तसं नाय. आमी ह्या मेनबत्त्या कोनाच्या तरी नावानं लावतो. तू कोनाच्या नावानं लावनार?"

"लावायच्या नाहीत. वितळवायच्या आहेत. सायकलच्या चेनसाठी. व्यायाम." माझं उत्तर सरकारी झालं होतं हे मलाही कळलं.

मार्थाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मासळी बघणाऱ्या बायकांची नजर असते तशी. "सायकल काय एकली चालते? सायकलवरनं कोनाकडं तरी जानार ना? घेऊन जा. जित्या मानसासाठी न्यायला कोनी येतच नाय." मी पैशांचं विचारलं तर ती रागावली. डबा घेऊन निघालो. वसईच्या किल्ल्यापर्यंत येईस्तोवर माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. रस्त्याचं काम चालू आहे तिथे.

शुक्रवारी हेमांगी भावाकडे सफाळ्याला गेली आणि मी दुधाचं पातेलं घेतलं. दुसऱ्या मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुधाचं पातेलं, त्यात मेण. वाती चिमट्याने काढल्या. चेन आत सोडली, बुडबुडे आले, दहा मिनिटं हलवत बसलो. सगळ्या जिन्यात चर्चचा वास पसरला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून "कोण गेलं?" असं विचारल्याचं मला ऐकू आलं. चेन तारेला अडकवून मी ती जिन्याच्या खिडकीच्या गजाला टांगली. घरात टांगली असती तर मेण फरशीवर गळलं असतं. आधीच दुधाच्या पातेल्याचा जाब मला द्यायचा होता. वाळून ती काठीसारखी ताठ झाली होती. व्हिडिओत तशीच होते, मग कड्या एकेक करून मोकळ्या करायच्या. ते काम मी सकाळसाठी ठेवलं.

शनिवारी सकाळी सहाला पाहतो तर गजाला नुसती तार.

"माझी चेन गेली!" मी ओरडलो.

हे तीन शब्द वसई-विरारमध्ये जिन्यात उभं राहून ओरडायचे नसतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्याला हात घालून पळणाऱ्या मोटरसायकलींच्या बातम्या इथे रोजच्या आहेत. सगळी दारं उघडली, फक्त रुडॉल्फचं उघडलं नाही. शनिवारी तो चर्चमध्ये पहाटेच्या मिसाला, प्रार्थनेला, जातो. कल्पेश बनियनवर धावत आला. "काका, काकू कुठायत?" मी म्हटलं, "काकू घरी नाहीत." हे खरं होतं. त्याचा चेहरा पडला. मी "अरे सायकल" एवढं म्हणालो, तर तो म्हणाला, "सायकलवर आला होता? मोटरसायकल नाही? नवीनच प्रकार!" आणि त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'किणी काकूंची चेन खेचली. चोर सायकलवर. महिलांनी सावध राहावे.' मला वाचायला चष्मा मिळाला तोवर त्यावर एकवीस जणांनी हात जोडले होते.

त्याने मला गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेलं. मी विरोध केला नाही, कारण माझी चेन खरोखरच गेली होती, आणि गेलेल्या वस्तूची नोंद झाली पाहिजे असं माझं मत आहे. दोन तास बाकावर बसल्यावर हवालदारांनी वही ओढली.

"किती तोळ्यांची?"

"तोळ्यांची नाही. एकशे सोळा कड्यांची."

"कड्या?" त्यांनी पेन थांबवलं. "डिझाइन कुठलं?"

"साधंच. मेण लावलेलं."

"मेण? म्हणजे लाखेचं काम असतं तसं?"

"नाही, मेणबत्तीचं. दफनभूमीतल्या."

हवालदारांनी कल्पेशकडे पाहिलं. मेणाचा सल्ला आपणच दिल्याचं विसरलेल्या कल्पेशने हळूच कपाळाकडे बोट नेलं आणि "धक्का बसलाय" असं ओठांनी सांगितलं. मला त्याचा असा संताप आला! बत्तीस वर्षं मी लोकांना "आधी सगळं सांगा, मग लिहितो" असं सांगत आलो होतो, आणि इथे माझं ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. "चोरी झाली तेव्हा चेन कोणाच्या गळ्यात होती?" हवालदारांनी मऊ आवाजात विचारलं.

"गजाला होती! सायकलची आहे हो ती! सायकलच्या चाकाला लागते ती चेन!"

लॉकअपमधला एक इसमसुद्धा गजांपाशी येऊन उभा राहिला. हवालदारांनी लिहिलेला कागद हळूच फाडला, चार तुकडे केले आणि पहिल्यांदाच मला "तुम्ही" ऐवजी "आजोबा" म्हणाले. ते मला चेनपेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. काढून पाहिला. मनाली.

अकरा महिन्यांत तिने मला एकदाही फोन केला नव्हता. मी उचलणार तोच हवालदार म्हणाले, "आत फोन नाही." मी बाहेर धावलो. तोवर बंद झाला होता. सकाळच्या गडबडीत न कळलेले आधीचे तीन मिस्ड कॉल दिसत होते, सहा वाजून पस्तीस, सदतीस, आणि एक्केचाळीस मिनिटांचे. मी फोन लावला. "संपर्क क्षेत्राबाहेर." पुन्हा लावला. पुन्हा तेच. हेमांगीला लावला, तो बंद. सफाळ्याला गेली की ती चार्जर विसरते.

मुलगी अकरा महिन्यांनी बापाला चार फोन करते आणि मग गप्प होते, याचा अर्थ काय काढायचा? मी मृत्यूच्या नोंदी केलेला माणूस. माझ्या डोक्यात जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. कल्पेशला गाडी काढायला सांगितली, एवढं लिहितो.

घरी आलो तर जिन्यात रुडॉल्फ उभा, अंगावर मिसाचा पांढरा शर्ट, हातात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात माझी चेन. काळी, चकचकीत, थेंबथेंब ग्रीस गाळणारी. "किणी! बघ आता! सकाळी मिसाला चाललो होतो, बघतो तर ही अशी ताठ, लाकडासारखी. म्हटलं, बिचाऱ्याची चेन मेली. घरात नेऊन ठेवली, आल्यावर डिझेलने स्वच्छ धुतली, एकेका कडीत ग्रीस भरलं. आता जव्हारला जा नाय तर दिल्लीला!"

"जव्हार?" मी म्हटलं. "तुला कोणी सांगितलं?"

"मुलगी जव्हारला, आणि तू रोज सायकल घासतोस. मार्थाला कळलं, मला कळलं, सगळ्यांना माहीत आहे. तुलाच वाटतं की कोणाला माहीत नाय."

पंधरा दिवसांची मेहनत, मार्थाचं मेण, दुधाचं पातेलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याच्याशी सहा महिने बोललो नसतो. त्या दिवशी मी चेन घेतली, त्याच्याच हातात परत दिली आणि घरात जाऊन पिशवीत एक शर्ट, टॉवेल आणि रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या. एसटीने जायचं. दारात उभं राहायचं. काय म्हणतील ते म्हणू दे. शरण तर शरण. फक्त ती दार उघडायला असू दे.

गेटवर आलो तर एक रिक्षा थांबत होती. मी धावत जाऊन दांडा धरला. "स्टँड," म्हटलं. आतला माणूस उतरण्याआधीच एक पाय आत टाकला आणि उतरणाऱ्या माणसाच्या पायावर दिला.

"बाबा!"

मनाली होती. केस विस्कटलेले, ओढणीला धूळ, खांद्याला एकच पर्स. मी तिचा दंड धरला. खरी आहे का हे बघायला धरला.

"आई कुठे आहे? कुठल्या हॉस्पिटलला?" ती ओरडली.

"आई सफाळ्याला आहे. मामाकडे. तुला काय झालं?"

"मला? विरारच्या मावशीने मेसेज पाठवला की आईची चेन खेचली, आई रस्त्यात पडली! आईचा फोन बंद, तुम्ही उचलत नाही. मी तशीच पहिल्या एसटीने..." तिचा आवाज फुटला. "आई बरी आहे?"

"आई भावाकडे मासे खातेय. चेन सायकलची होती."

वर सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. कल्पेश मुलाला उचलून दाखवत होता. मनालीने डोळे पुसले, मान ताठ केली, आणि मला तिच्यात माझीच मान दिसली. "मी परत आलेली नाही, बाबा," ती म्हणाली. "फक्त आईला बघायला आले होते. ती बरी आहे, तर मी दुपारच्या गाडीने जाते."

"शेठ, बैठना है क्या?" रिक्षावाला म्हणाला.

मी माझं पाठ केलेलं वाक्य आठवलं. इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं. स्वतःच्या सोसायटीच्या गेटवर ते कुठेच बसत नव्हतं.

"तुम्ही कुठे निघाला होतात?" तिने माझ्या पिशवीकडे पाहत विचारलं.

"जव्हारला."

"जव्हारला काय आहे?"

"तू आहेस," मी म्हटलं. "स्टँडवर मी जे बोललो ते चुकीचं बोललो. लोकांसमोर बोललो. अकरा महिने ते मला गिळता येत नाही आणि बाहेरही काढता येत नाही. उद्या सायकलवरून येऊन सांगणार होतो. तुझे फोन पाहिले आणि मला वाटलं, आता सांगायला कोणी..." माझ्यासारख्या माणसाने भर रस्त्यात रडणं बरं दिसत नाही, पण ते झालं, आणि जे झालं त्याची नोंद करायला हवी.

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. मनाली म्हणाली, "सोमवारी चाचणी आहे सातवीची. अपूर्णांक. मला उद्या दुपारी निघावंच लागेल."

"मी येतो सोडायला."

"स्टँडपर्यंत?"

"शाळेपर्यंत," मी म्हटलं. "तुझा वर्ग मला बघायचा आहे."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, स्वतःच्या खांद्याला लावली, आणि माझ्यापुढे जिना चढायला लागली.